पांढऱ्या हत्तीला लाल रंग

घरात आलेल्या वस्तूचा रंग बदलला, की ती वस्तू आपल्या बाजूची होते का? हसण्याआधी स्वतःच्या घरात एकदा नजर फिरवा. दारावर काय बांधलंय, गाडीच्या काचेवर काय चिकटवलंय, गॅलरीच्या ग्रिलला कोणता रंग दिलाय आणि तो देताना शेजाऱ्याचा कोणता रंग टाळलाय, ते बघा. मी हा प्रश्न वरच्या पायरीवर उभी राहून विचारत नाही. विशीत असताना मी आमच्या भिवंडीतल्या, टेमघरच्या खोलीत एक कॉम्प्युटर रंगवायला घेतला होता. त्याचं प्लॅस्टिक तेवढं रंगवलं की माझे वडील माझ्याशी पुन्हा बोलायला लागतील, असा माझा हिशेब होता.

आमच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या आणि खाली करीमचाचांचा यंत्रमागांचा कारखाना. भिवंडीत राहिलेल्या माणसाला त्या आवाजाबद्दल सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगून कळत नाही. ताटातलं वरण थरथरायचं. भांड्यांच्या फळीवर पेले एकमेकांकडे सरकत जायचे आणि आई जाता-येता त्यांना परत जागेवर लोटायची. आम्ही सगळे ओरडून बोलायचो. शुक्रवारी माग बंद असायचे, तरीही सवयीने सकाळी आई ओरडायची, ‘‘समू, भाकरी घे!’’ आणि त्या शांततेत आपलाच आवाज ऐकून दचकायची. मग आम्ही हसायचो. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी वालाचं बिरडं. शुक्रवारी ते जेवण जास्त चवीचं लागायचं, कारण चावण्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा.

आबा, म्हणजे माझे वडील, ठाण्याला एका कचेरीत कारकून होते. एसटीने जायचे, एसटीने यायचे. कचेरीतल्या युनियनची पत्रकं तेच लिहीत. आमच्या घरात पत्रक हा कागदाचा एकमेव प्रकार होता म्हटलं तरी चालेल. डब्यांच्या तळाला पत्रक, गरम टोपाखाली पत्रक, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकाचं. इतर मुलं ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांवर वाचायला शिकली, मी ‘निषेध’ आणि ‘जाहीर’ यांवर शिकले. पहिलं जोडाक्षर लिहिलं ते ‘संघर्ष’मधलं, आणि आबांनी ते बघून माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाकी मुलींना असा हात परीक्षेत पहिला नंबर आल्यावर मिळत असावा. पत्रकातलं मराठी शुद्ध पाहिजे, यावर त्यांचा फार कटाक्ष. ‘‘अनुस्वार चुकला की मालक हसतो,’’ ते म्हणायचे. सायक्लोस्टाईल करून आणलेल्या गठ्ठ्यातही ते लाल पेन्सिल घेऊन बसत आणि एकेका प्रतीवर चूक दुरुस्त करत.

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी एक पत्रक लिहिलं: ‘हा पांढरा हत्ती परत पाठवा!’ कचेरीत कॉम्प्युटर येणार होते, त्याविरुद्धचं ते पत्रक. एक यंत्र किती माणसांच्या भाकरी खातं, ते त्यात लिहिलं होतं. मी ते अख्खं वाचलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, की आबांच्या कचेरीत हत्ती येणार आहे, तोही पांढरा. मी हट्ट धरून त्यांच्याबरोबर ठाण्याला गेले. दिवसभर जिन्याकडे बघत बसले. हत्ती जिना चढणार कसा, याची मला खरी काळजी होती. शेवटी मालतीमावशींनी विचारलं, ‘‘कोणाची वाट बघतेस गं?’’ मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना मशीनवरून हात काढावे लागले.

मालतीमावशी कचेरीतल्या मराठी टायपिस्ट. ते हत्तीचं पत्रकही स्टेन्सिलवर त्यांनीच टाईप केलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. त्यांनी त्या दिवशी मला मांडीवर घेऊन माझं नाव टाईप करायला लावलं. ‘समता.’ प्रत्येक अक्षराला खट्. घरी मागांचा आवाज माझ्या अंगावर यायचा, तिथे पहिल्यांदा आवाज माझ्या बोटातून निघाला.

पुढे हत्ती आला. जिन्यानेच आला, खोक्यांतून, आणि तो खरोखरच पांढरा होता. म्हणजे पांढरट, साबुदाण्याच्या खिचडीसारखा. आबांनी अजून पत्रकं काढली. एका पत्रकाच्या पहिल्याच ओळीत मालतीमावशींचं नाव होतं: त्यांची जागा रद्द होऊ देणार नाही, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. जागा रद्द झाली. मावशी मुदतीआधीच निवृत्ती घेऊन कल्याणला घरी बसल्या. युनियनमधली निम्मी माणसं नव्या पगारावर खूश होऊन गप्प झाली, उरलेल्यांनी आपसात भांडणं काढली. आबा संध्याकाळी सरळ घरी यायला लागले. पूर्वी त्यांच्याबरोबर चार माणसं यायची, चहाचं आधण उतरायचं नाही. आता ते एकटे यायचे, चपला काढायचे, खिडकीपाशी बसायचे. घरात येणारी माणसं थांबली म्हणजे घर मोठं होत नाही, ते नुसतं रिकामं होतं, हे मला तेव्हा कळलं. पत्रकांचे जुने गठ्ठे माळ्यावर गेले. नवीन काही आलं नाही.

माझंही काही वेगळं नव्हतं. शाळेतल्या मैत्रिणींची लग्नं झाली. कॉलेजमध्ये मी वादविवादात बोलायचे, टाळ्या मिळायच्या, आणि मग डबा खायला माझ्या बाकावर कोणी यायचं नाही. ‘‘हिच्याशी बोलायचं म्हणजे सभेला गेल्यासारखं,’’ असं एकीला म्हणताना मी ऐकलं होतं. खोटं नव्हतं ते. पण मी बोलायचं कसं, हे घरात शिकले होते, आणि आता घरातच कोणी बोलत नव्हतं. कारखान्यातल्या माणसांच्या छातीत रुई जाते, ती खोकून खोकून गावी परत जातात, त्यांच्या तोंडाला बांधायला साधं फडकंही मालक देत नाही. यावर कोणीतरी पत्रक काढायला हवं होतं, आणि मला ते आबांबरोबर काढायचं होतं. ते लिहितील, मी अक्षरं जुळवीन, पहाटे कारखान्यांच्या दारात दोघं वाटू. माझं सगळं स्वप्न एवढंच होतं.

मी कॉम्प्युटर शिकले ते यासाठी. गावातल्या एका क्लासमध्ये शिकता शिकता शिकवायला लागले. क्लास बुडाला तेव्हा मालकाने थकलेल्या पगाराच्या ऐवजी एक जुना कॉम्प्युटर दिला, तोसुद्धा तुकड्यांत. मॉनिटर एका रंगाचा, सीपीयूचा डबा दुसऱ्या, त्याचं पुढचं प्लॅस्टिकचं तोंड तिसऱ्याच डब्याचं. पांढरेपणा केव्हाच गेला होता. उन्हाने आणि वयाने सगळं तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखं पिवळं झालं होतं. मी तो रिक्षाने घरी आणला आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडला.

आबा आले. चपला काढल्या. टेबलाकडे बघितलं. मग आईला म्हणाले, ‘‘हे कोणाचं?’’

‘‘समूचं हाय.’’

‘‘तिला सांग, माझ्या घरात हे राहणार नाही.’’

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ‘‘आबा, यावर पत्रक जुळवता येतं. मराठीत. तुमच्या एकेका अनुस्वारासकट.’’

‘‘तिला सांग,’’ ते आईला म्हणाले, ‘‘ज्या यंत्रानं मालतीताईंना घरी बसवलं, त्याच्यावर मी भाकरीचा तुकडासुद्धा ठेवणार नाही.’’

त्या दिवसापासून आमचं सगळं बोलणं आईमार्फत सुरू झालं. ‘‘तिला सांग, पाणी आलंय.’’ ‘‘त्यांना सांग, मला माहितीय.’’ मागांच्या आवाजात हे निरोप ओरडून द्यावे लागत, म्हणजे दोघांनाही मूळ वाक्य ऐकू गेलेलं असायचं. तरी आई बिचारी इकडून तिकडे तोंड फिरवून ते पुन्हा म्हणायची. एकदा वैतागून म्हणाली, ‘‘मी काय तुमची टेलिफोन ऑपरेटर हाय? ती नोकरी पन जाईल एक दिवस.’’ आबा हसले नाहीत. मला हसू आलं, पण ते कोणाबरोबर हसायचं हा प्रश्न होता.

आणि मग मला ती कल्पना सुचली. पत्रकांवर वाढलेल्या मुलीलाच ती सुचू शकते. हत्ती पांढरा आहे, ही तक्रार आहे ना? मग तो पांढरा ठेवायचा नाही. कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावरचा तो रंग घालवायचा आणि आबांचा रंग द्यायचा. लाल.

माझं काम मात्र नेटकं होतं, हे मी आजही सांगेन. डब्याचं पुढचं तोंड स्क्रू काढून सुटं केलं, फ्लॉपीच्या खाचेची पट्टी आणि बटणं काढली, कीबोर्डची चौकट वेगळी केली. साबणाच्या पाण्यात सगळं धुतलं. प्लॅस्टिक गुळगुळीत असतं, त्यावर रंग ठरत नाही, पापडासारखा सुटतो. म्हणून पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने घासलं, हाताला खरखर लागेपर्यंत. वर प्रायमरचा हात दिला. मॉनिटर उघडायचा नाही, आत वीज साठून राहते, हे क्लासमध्ये बजावलेलं होतं. तेव्हा त्याची काच आणि मागच्या फटी नुसत्या झाकायच्या होत्या. घरात वर्तमानपत्र नव्हतं. माळ्यावर गठ्ठे होते. मी एक गठ्ठा सोडला आणि काचेवर पत्रकं चिकटवली. रंग स्कूटरच्या दुकानातून आणला, फवाऱ्याच्या डब्यातला, गाडीचा ओरखडा झाकायला देतात तो.

एकच गोष्ट सांभाळायची होती: रुई. खाली माग चालू असले की ती जिन्यातून, फरशीच्या फटींतून, खिडकीतून वर यायची. आमच्या उशांवर, दुधावर, देवळीतल्या दिव्यावर रुई. म्हणून शुक्रवारपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबणार होते. पण त्या बुधवारी सकाळीच वीज गेली. सगळे माग बंद. करीमचाचा खाली खाट टाकून आडवे झाले होते. त्यांना विचारलं, ‘‘चाचा, लाइट कब आएगी?’’ म्हणाले, ‘‘गई है तो शाम समझ.’’ मला तेवढं पुरलं. मी गॅलरीत सगळे भाग मांडले आणि फवारा मारायला सुरुवात केली. पहिला पातळ हात, मग वाळू द्यायचा, मग दुसरा. तो लाल रंग त्या पिवळ्या दातांवर चढत गेला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. घरात कोणी नव्हतं.

दुसरा हात ओला असतानाच वीज आली.

माग सुरू होतात ते एकामागून एक नाही, एकदम होतात. आणि दिवसभर बसलेली रुई पहिल्याच झटक्याला उठते. मी टॉवेल धरून उभी राहिले, मग साडी धरली, मग नुसती उभी राहिले. पांढरे तंतू सावकाश तरंगत आले आणि ओल्या लाल रंगावर बसले. खालून करीमचाचांनी वर बघितलं. ‘‘अरे बेटी! जुम्मे को करना था ना ये!’’

‘‘आपने बोला था शाम को आएगी!’’

‘‘मेरे बोलने से आती तो मैं मालदार होता!’’

आबा आले तेव्हा सगळं गॅलरीतच होतं. मी उचललं नव्हतं. ते जवळ आले, वाकले. मॉनिटरच्या काचेवरच्या कागदावर त्यांचीच अक्षरं होती, त्यावर लाल तुषार उडालेले. ‘हा पांढरा हत्ती.’ त्यांनी तो कागद सोडवला, झटकला, आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

‘‘लाल रंग डब्यात मिळतो, हे मला ठाऊक नव्हतं.’’

‘‘आबा...’’

‘‘मालकसुद्धा एक मे रोजी लाल शाल पांघरतो, समता. तू वेगळं काय केलंस?’’

ते आत गेले. मला वाटलं होतं ते रागावले तरी चालेल, बोलले तर पाहिजेत. बोलले, आणि मला वाटलं, नसते बोलले तर बरं होतं. मी अजूनही या बाबतीत त्यांच्याशी भांडते, मनातल्या मनात. रंग डब्यातलाच असतो, आबा. झेंड्याचं कापडसुद्धा कोणीतरी मागावर विणलेलंच असतं, खोकत खोकत. पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा मी गॅलरीत बसून नखाने रुई काढायचा प्रयत्न केला. रंगाची साल निघाली, रुई निघाली नाही.

शेवटी आईनेच मालतीमावशींना निरोप धाडला. आम्हाला दोघांनाही न विचारता. ‘‘बापलेकीचा खटला चाललाय आन् जिच्यावरनं चाललाय तिला कुनी विचारलंच न्हाय,’’ असं तिचं म्हणणं.

मावशी रविवारी दुपारी कल्याणहून एसटीने आल्या. केस पांढरे झालेले, पर्स तीच. आबा उठून उभे राहिले. मावशींनी टेबलाकडे बघितलं. मी कॉम्प्युटर जोडून ठेवला होता, त्या लाल, खडबडीत, तंतू अडकलेल्या अंगासकट.

‘‘अगंबाई,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘ह्याला काय गोवर आलाय?’’

आई फिसकन हसली. मावशी पदर खोचून खुर्चीत बसल्या. ‘‘चालू कर बघू. मराठी आहे ना यात?’’ मी चालू केलं. कळांची मांडणी टाईपरायटरचीच होती. त्यांनी बोटं ठेवली आणि ती धावायला लागली. फार जोरात मारायच्या त्या, टेबल हलत होतं. ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप उठायचा, मशीनचा दांडा ढकलायला, आणि हवेत रिकामा फिरून परत यायचा. दर ओळीला. आबा त्या हाताकडे बघत होते.

‘‘ताई,’’ ते म्हणाले, ‘‘या यंत्रानं तुमची खुर्ची घेतली.’’

‘‘घेतली,’’ मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. ‘‘खोटं कशाला बोलू? वाईट वाटलं. पण भाऊ, खुर्ची यंत्रानं घेतली. तुम्ही सगळे कुठे गेलात?’’

‘‘आम्ही लढत होतो.’’

‘‘हो की. पत्रकात माझं नाव होतं, पहिल्याच ओळीत. शेजारणीला दाखवलं मी. मग आमचे हे अंथरुणाला खिळले. मला वाटायचं, रविवारी येईल कोणीतरी. कचेरीचं नाही तर युनियनचं. रविवारी मी चहाचं दूध थोडं जास्तच घ्यायचे.’’ त्यांनी आता मान वळवली. ‘‘हे गेले, तेव्हासुद्धा कोणी फिरकलं नाही. तुम्ही माझ्यासाठी लढत होतात, भाऊ. फक्त मला कळवायचं राहिलं.’’

खाली माग चालूच होते. आबांनी विचारलं, ‘‘चहा घेणार?’’ आणि ते स्वतः उठून आत गेले. आईने त्यांना थांबवलं नाही. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, कारण साखर कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी ते मावशींना स्टँडवर सोडायला गेले आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसून कल्याणपर्यंत गेले. पुढे मरेपर्यंत, जमेल त्या रविवारी, ते जात राहिले. त्या रात्री परत आल्यावर मला म्हणाले, ‘‘ते मशीन आतल्या खोलीत ठेव. इथे रुई जास्त आहे.’’ सरळ मला. आईला मध्ये न घालता.

जिंकले, असं मला दोन दिवस वाटलं. मग मी रुईवरचं पत्रक लिहिलं, एकटीने. जुळवलं एकटीने, आणि पहाटे कारखान्यांच्या दारात वाटलं तेही एकटीनेच. पहिली प्रत आबांच्या हातात दिली होती. शेजारी लाल पेन्सिल ठेवली होती. त्यात दोन चुका होत्या, मला दिसत होत्या, मी मुद्दाम ठेवल्या होत्या. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. ‘‘चांगलं आहे,’’ म्हणाले. पेन्सिलीला हात लावला नाही. त्यांचा शब्दांवरचा विश्वास उडाला होता, आणि माझा नुकता बसत होता. एका घरात राहून आम्ही दोघं इतके दूर कधीच नव्हतो, न बोलण्याच्या दिवसांतसुद्धा नाही.

माझ्या आईचं माहेर भिवंडीजवळच्या दापोड्याचं. आज तिथे भाताच्या खाचरांवर गोदामं आहेत आणि गोदामांत तुमच्या-आमच्या घरी येणारे कॉम्प्युटर खोक्यांत बसलेले आहेत. ती खोकी चढवणाऱ्या पोरांसाठीही मी पत्रकं लिहिली. लिहीनच. पत्रक लिहू नका असं मी कोणाला सांगणार नाही. या गावात गप्प बसणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती.

पण एक काम करा. गेल्या काही दिवसांत तुम्ही ज्या माणसाच्या बाजूने कुठे सही केली असेल, हात वर केला असेल, किंवा नुसता फोनवर एखादा मजकूर पुढे पाठवला असेल, त्याचं घर शोधून काढा. येत्या रविवारी जा. कागद नेऊ नका, फोटो काढू नका. दार उघडलं की स्वतःचं नाव सांगा आणि बसा. त्यांनी चहाला विचारलं, तर हो म्हणा.